शेत स्वच्छ, उतारा चांगला, तरी बियाण्याचा लॉट नापास: संशोधनाचे आकडे बीजोत्पादकाने कसे वाचावेत

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. तुम्ही गहू आणि सोयाबीन दोन्हींचं बीजोत्पादन घेता. संशोधन केंद्राच्या अहवालात ज्या औषधांनी ८५ ते ९० टक्के नियंत्रण दाखवलं होतं तीच औषधं, त्याच मात्रेत, वेळेवर मारली. उभं पीक देखणं होतं, उताराही चांगला पडला. तरीही गव्हाच्या लॉटमध्ये चांदवेल या वेलवर्गीय तणाचं बी मर्यादेबाहेर निघालं आणि सोयाबीनची उगवण सत्तरच्या आत आली. आता तुम्ही विचारताय, या संशोधनावर विश्वास ठेवायचा की नाही?

ठेवायचा. पण त्या प्रयोगाने नेमकं काय मोजलं होतं, ते आधी बघायचं. रोगांवरचे आणि तणांवरचे बहुतेक प्रयोग धान्य पिकवणाऱ्यासाठी आखलेले असतात. त्याला जाणून घ्यायचं असतं की उत्पादन किती वाचलं. बीजोत्पादकाला जाणून घ्यायचं असतं की पोत्यात काय गेलं. या दोन्हींची उत्तरं कधी जुळतात, कधी अजिबात जुळत नाहीत. बीजोत्पादनाचे प्लॉट आणि त्यांच्या कडेला लावलेले चाचणीचे पट्टे बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. औषधच निकामी निघालं म्हणून लॉट नापास झाला, असं क्वचित दिसतं. धान्यासाठी बरोबर असलेला आकडा बियाण्याला लावला म्हणून फसगत झाली, हे मात्र वारंवार दिसतं.

तुमच्या शेतात नक्की काय झालं हे न बघता सांगता येणार नाही. सोयाबीन पक्व होताना पाऊस झाला का, गव्हाआधी त्या रानात काय होतं, मळणी कोणत्या यंत्राने झाली, प्रक्रिया केंद्रावर चाळण्यांपलीकडे काय यंत्रं आहेत, यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून निदान देत बसत नाही, विचार कसा करायचा ते सांगतो.

तणांपासून सुरुवात करू. तणनाशकाच्या अहवालात ‘तण नियंत्रण कार्यक्षमता’ असा एक रकाना असतो. बहुधा पेरणीनंतर ३० आणि ६० दिवसांनी ठरावीक मापाची चौकट टाकून आतली तणं उपटतात, वाळवतात आणि वजन करतात. ९० टक्के कार्यक्षमता याचा अर्थ एवढाच, की काहीच न मारलेल्या वाफ्याच्या तुलनेत तणांचं सुकं वजन ९० टक्क्यांनी घटलं. धान्याच्या पिकासाठी हे माप रास्त आहे, कारण पाणी, खत आणि उजेड यांची ओढाताण तणाच्या वजनाशी बांधलेली असते. बियाण्याच्या बाबतीत मात्र उरलेल्या १० टक्क्यांत कोण आहे आणि ते कधी पिकतंय, यावर सगळं ठरतं.

चांदवेल या हिशेबातून नेमकी निसटते. ती बहुवर्षायू आहे, मुळं खोल जातात. उगवणीनंतरच्या तणनाशकाने वरचा भाग करपतो, ६० दिवसांच्या मोजणीत वजन नगण्य भरतं, अहवालात ती ‘नियंत्रित’ ठरते. मग मुळांवरून पुन्हा फुटते, गव्हाच्या काडीला विळखे घालत वर चढते आणि गहू पिवळा पडेपर्यंत तिची बोंडं भरलेली असतात. कापणीच्या आधी काडी हातात धरून बुंध्यापासून वर बोट फिरवत गेलात तर दोरा गुंडाळल्यासारखी वेल लागते. लांबून काही दिसत नाही. तिचं बी गडद, खरखरीत, एका बाजूला गोल आणि दुसरीकडे कंगोरे असलेलं असतं. जमिनीत ते वीस वर्षांहून जास्त काळ जिवंत राहू शकतं.

आता आकडा बघा. आपल्या प्रमाणीकरण मानकांत गव्हासाठी चांदवेल आणि गुल्लीदंडा ही आक्षेपार्ह तणं धरली आहेत. त्यांचं बी पायाभूत बियाण्यात (ज्यापासून पुढे प्रमाणित बियाणं तयार होतं) किलोला २ आणि शेतकऱ्याला विकायच्या प्रमाणित बियाण्यात किलोला ५ पर्यंतच चालतं. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरलं तर किलोत गव्हाचे २५,००० दाणे असतात. म्हणजे मर्यादा २५,००० मागे ५, आणि कोणताही फवारणीचा प्रयोग इतक्या बारीक पातळीवर मोजत नाही. हेक्टरी १०० किलो बियाणं पेरलं तर पास झालेल्या लॉटमधूनही हेक्टरभर रानात ५०० चांदवेली पेरल्या जाऊ शकतात, दर २० चौरस मीटरला एक. त्यामुळे ‘९० टक्के नियंत्रण’ हे तुमच्यासाठी काम संपल्याचं चिन्ह नाही. उरलेली वेल आता हाताने काढता येईल इतकी कमी झाली, एवढाच त्याचा उपयोग.

तणांबद्दल मी दुसरी एक गोष्ट नेहमी विचारतो: हे बी आपल्या पिकाच्या बियाण्यातून यंत्राने वेगळं होतं का? बीजोत्पादकाने तणांची यादी या निकषावर लावावी, शेतात कोण जास्त दाट दिसतं यावर लावू नये. गुल्लीदंड्याचं बी गव्हाच्या दाण्याहून खूप बारीक असतं, बरचसं चाळणीतून खाली जातं. माठाचं बी तर धुळीसारखं उडतं. चांदवेलीची जाडी मात्र बारीक किंवा सुरकुतलेल्या गव्हाच्या दाण्याजवळ जाते, त्यामुळे नुसत्या चाळण्या आणि हवेचा झोत तिथे कमी पडतात. तिथे लागतो तो खाचांचा फिरता सिलिंडर, जो लांबीवर निवड करतो. चांदवेलीचं आखूड बी खाचेत बसून वर उचललं जातं, लांब गहू घसरून खालीच राहतो. सोबत गव्हाचे तुटके दाणेही जातात, पण ते जायलाच हवेत.

सगळ्यात अवघड जोडी म्हणजे लसूणघास आणि अमरवेल. दोन्हींची बियाणी आकाराने आणि वजनाने इतकी जवळ, की चाळणी आणि हवा दोन्ही हात टेकतात. फरक उरतो तो पृष्ठभागात. लसूणघासाचं बी गुळगुळीत, अमरवेलीचं खडबडीत. म्हणून बियाण्याला किंचित ओलसर करून त्यात बारीक लोहचूर्ण मिसळतात. चूर्ण खडबडीत बियांना चिकटतं, गुळगुळीतांवरून निसटतं, आणि मग सगळं बियाणं चुंबकीय ड्रमवरून सोडतात. लसूणघास सरळ खाली पडतो, काळवंडलेली अमरवेल ड्रमला चिकटून पलीकडच्या कप्प्यात जाते. ज्याच्याकडे हे यंत्र आहे आणि ज्याच्याकडे नाही, त्या दोघांनी अमरवेलीवरचा एकच अहवाल वाचून एकच निर्णय घ्यायचं कारण नाही. यंत्र नसेल तर अमरवेल दिसलेला तुकडा लसूणघासासकट फुलोऱ्याआधी कापून जाळणं हाच मार्ग, मग तणनाशकाचा आकडा काहीही असो.

बऱ्याचदा तण शेतात नसतंच, यंत्रातून येतं. हार्वेस्टर किंवा थ्रेशर तुमच्या आधी कोणाच्या तरी तणाच्या रानातून आलेलं असतं. आत्ता झाडून घेतलं म्हणणाऱ्यावर विसंबू नका, झाकणं उघडून बघा. सुरुवातीची काही पोती बियाण्यात धरायची नाहीत, धान्यात टाकायची. बांधालगतचा पट्टाही वेगळा कापायचा. या दोन गोष्टींनी जितके लॉट वाचतात, तितके औषध बदलून वाचताना मी पाहिले नाहीत.

आता रोग. इथे मला गव्हाचे दोन रोग शेजारी ठेवून दाखवायचे आहेत, कारण कोणत्या प्रयोगाचा निकाल कुठे लावायचा हे त्यातून जितकं स्पष्ट होतं तितकं लांबलचक समजावून होत नाही.

पहिला, काणी. दाण्यांच्या जागी काळी भुकटी भरलेली ओंबी सगळ्यांनी पाहिलेली असते. ही भुकटी वाऱ्याने उडते, फुलोऱ्यातल्या निरोगी ओंबीवर पडते, बुरशी तयार होणाऱ्या दाण्याच्या अंकुरात शिरते आणि तिथे गप्प बसते. दाणा भरतो, दिसायला निरोगी असतो, उगवणही उत्तम देतो. पुढच्या हंगामात त्या रोपाची ओंबी काळी निघते. म्हणजे आज दिसणारी काणी गेल्या वर्षीची, आणि आज होणारी लागण पुढच्या वर्षी, बहुधा तुमच्या गिऱ्हाइकाच्या शेतात दिसणार. यंदाच्या पिकावर पानांची फवारणी करून यंदाच्या काळ्या ओंब्या कमी होत नाहीत. बुरशी अंकुराच्या आत असल्यामुळे थायरमसारखं नुसतं बियांच्या सालीवर काम करणारं औषधही तिथवर पोहोचत नाही.

हे जुनं ज्ञान आहे. डेन्मार्कच्या येन्स लुडविग येन्सन यांनी १८८० च्या दशकात गरम पाण्याची प्रक्रिया शोधली, ती नेमकी आतल्या बुरशीसाठी. पंजाबात १९३० च्या दशकात लुथरा यांनी त्याचंच उन्हातलं रूप बसवलं. उन्हाळ्यात सकाळी बियाणं पाण्यात भिजवायचं, म्हणजे आतली बुरशी जागी होते, आणि मग रणरणत्या उन्हात पसरून वाळवायचं. १९६० च्या दशकात कार्बोक्सिन आलं, आणि आतपर्यंत शिरणाऱ्या औषधाची बीजप्रक्रिया सोपी झाली. आज टेब्युकोनॅझोलही त्यासाठी वापरतात.

दुसरा, कर्नाल बंट. नाव हरियाणातल्या कर्नालवरून, नोंद १९३१ ची. यात सगळी ओंबी जात नाही, एखादाच दाणा आणि तोही बऱ्याचदा अर्धवट काळा होतो. चुरडला की कुजक्या माशासारखा वास येतो. त्याचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. गहू निसवताना ढगाळ, दमट, गार हवा मिळाली की ते रुजून हवेतून ओंबीवर येतात. त्यामुळे पेरताना केलेली बीजप्रक्रिया तुमच्या बियाण्यासोबत नवीन रानात जाणारा रोग रोखायला मदत करते, पण रानात आधीच असलेल्या बीजाणूंपासून ओंबीला वाचवू शकत नाही. तिथे प्रॉपिकोनॅझोलसारख्या औषधाची फवारणी लागते, आणि तीही ओंबी बाहेर पडण्याच्या सुमारास.

एकाच पिकाचे दोन रोग, दोन्हींत दाण्याच्या जागी काळी भुकटी, दोन्ही बियाण्यातून जाणारे. तरी एकाला बीजप्रक्रिया आणि दुसऱ्याला निसवणीची फवारणी. अहवालात ‘काळ्या दाण्यांवर ९० टक्के नियंत्रण’ एवढंच वाचून औषध आणलं तर अर्धी शक्यता चुकीच्या वेळी फवारायची. मानकंही वेगळी आहेत. काणीच्या ओंब्या शेतात पायाभूत बियाण्यासाठी ०.१० आणि प्रमाणितसाठी ०.५० टक्क्यांपर्यंत चालतात. कर्नाल बंट दाण्यांत मोजतात, मर्यादा ०.०५ आणि ०.२५ टक्के. शेजारच्या गव्हात काणी मर्यादेहून जास्त असेल तर नेहमीचं ३ मीटर विलगीकरण, म्हणजे दुसऱ्या गव्हापासून सोडायचं अंतर, पुरत नाही, १५० मीटर लागतं. तुमच्या औषधाचा त्या अंतराशी काही संबंध नाही, आणि वाऱ्याला बांध कळत नाही.

काणीची ओंबी काढायची पद्धतही सांगून टाकतो, कारण इथे चांगली माणसंही घाई करतात. रोगट ओंब्या निरोगी ओंब्यांच्या थोड्या आधी बाहेर पडतात. तेव्हा भुकटीवर पातळ चंदेरी पापुद्रा असतो, काढायची वेळ हीच. ओंबीवर कागदी किंवा कापडी पिशवी आधी घालायची, तोंड मुठीत आवळायचं आणि मग खालून कापायचं. नुसती उपटून खांद्यावर टाकून चाललात तर जाल त्या ओळीवर भुकटी शिंपडत जाल. काही दिवस उशीर झाला की भुकटी उडून नुसता काडीसारखा दांडा उरतो, तो इतर ओंब्यांच्या आड जातो आणि शेत पुन्हा ‘स्वच्छ’ दिसायला लागतं. तपासणीला उशिरा आलेला माणूस आणि निष्काळजी मालक, दोघांनाही ही अवस्था सोयीची असते.

आता तुमचं सोयाबीन. मानकाप्रमाणे किमान ७० टक्के उगवण हवी, ती भरली नाही. पानांवरचे रोग आटोक्यात होते, उत्पादनही मिळालं. इथे संशय जातो तो शेंगांवर आणि दाण्यांवर येणाऱ्या बुरशींवर, फोमोप्सिस त्यात आघाडीवर, आणि मळणीवर. दोन्ही एकाच वेळीही असू शकतात.

शेंगांच्या बुरशींचा घोळ असा की त्यांनी उत्पादनात फारसा फरक पडत नाही. शेंगा लागताना ते दाणे भरताना केलेल्या फवारणीच्या प्रयोगात उत्पादनाच्या रकान्यापुढे ‘फरक लक्षणीय नाही’ असं लिहिलेलं असेल, तर धान्यवाला ती फवारणी सोडून देतो आणि ते बरोबरच आहे. त्याच प्रयोगात उगवणीचा रकाना असता तर तुमच्यासाठी निकाल कदाचित उलटा लागला असता. पक्वतेच्या काळात पाऊस आणि ऊन आलटून पालटून झालं, शेंगा भिजल्या-सुकल्या, कापणी लांबली, की ही बुरशी शेंगेतून दाण्यात उतरते. कोरड्या काळात पक्व झालेल्या पिकाला त्या फवारणीची गरजही नसते. म्हणून ‘फवारणी करावी का’ याला माझं एकच उत्तर नाही. वाण लवकर येणारा असेल आणि पावसाच्या तोंडात पक्व होत असेल तर करावी. उघडीप मिळणार असेल तर ते पैसे वेळेवर कापणी आणि सुकवणीवर घालावेत.

बुरशी की मळणी, हे शोधायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. उरलेल्या नमुन्याचे तीन भाग करा. एक कागदाच्या गुंडाळीत तसाच उगवायला ठेवा, दुसरा थायरम लावून कागदात, तिसरा स्वच्छ वाळूत. कागदातला नुसता नमुना कुजतो, पण औषध लावलेला आणि वाळूतला बराच वर जातो, असं दिसलं तर दोष बुरशीचा. तिन्ही ठिकाणी सारखेच मोडके, वाकडे, मूळ तुटलेले अंकुर आले तर दोष मळणीचा. खात्रीसाठी आणखी एक सोपी चाचणी आहे. लिटरभर पाण्यात २५ मिली घरगुती ब्लीच घालून त्यात वरवर अखंड दिसणारे १०० दाणे टाका आणि दहा मिनिटांनी पाणी ओता. साल तडकलेले दाणे दुप्पट-तिप्पट फुगतात, साबूत दाणे तसेच राहतात. फुगलेले दहाहून जास्त निघाले तर थ्रेशरच्या ड्रमची गती आणि दाण्यातला ओलावा बघा. सोयाबीनची साल पातळ असते आणि अंकुर तिच्या लगेच खाली असतो. फार सुकलेला दाणा वेगाच्या ड्रममध्ये गेला की बाहेरून चकाकता आणि आतून मेलेला निघतो. अशा लॉटवर जगातलं कुठलंही बुरशीनाशक लावा, आकडा हलत नाही.

फोमोप्सिसबद्दल एक दिलासादायक गोष्ट: कोरड्या साठवणीत ही बुरशी दाण्यातच काही महिन्यांत मरत जाते. त्यामुळे कापणीनंतर लगेच कमी आलेली उगवण पेरणीआधी सुधारलेली दिसू शकते. मळणीने मेलेला दाणा मात्र जिवंत होत नाही. निदान आधी, निर्णय नंतर, हे त्यासाठीच.

तपासणीच्या आकड्यांबद्दलही बोलायला हवं, कारण ‘रोग आढळला नाही’ हे वाक्य फार फसवं आहे. ४०० दाणे तपासले आणि एकही रोगट निघाला नाही, तर लॉट रोगमुक्त ठरत नाही. ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं, की रोगट दाण्यांचं प्रमाण ०.७५ टक्क्यांहून कमी आहे. सोपं सूत्र लक्षात ठेवा: शून्य सापडलं तर ३ भागिले तपासलेले दाणे. काणीसारख्या रोगाला हे चालून जाईल, कारण वर्षातून एकदाच लागण होते. कोबीच्या काळ्या कुजीला नाही चालणार. तो जिवाणू रोपवाटिकेत पाण्याच्या शिंतोड्यांनी झपाट्याने पसरतो. १०,००० बियांत तीन रोगट बिया असल्या तरी शेतात साथ उसळू शकते, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून त्याच्या तपासणीला १०,००० च्या तीन भागांत ३०,००० बिया घेतात. सॅलडच्या लेट्यूसच्या मोझॅक विषाणूसाठीही ३०,००० बियांत शून्य हा निकष कॅलिफोर्नियात रूढ झाला. अहवालात ‘बीजजन्य रोग आढळला नाही’ असं दिसलं की किती बिया तपासल्या ते शोधा. आकडाच दिलेला नसेल तर त्या वाक्याला फार वजन देऊ नका.

इथवरचं दोन ओळींत: तणात वजन बघू नका, सोबत येणारं आणि यंत्राने न निघणारं बी बघा. रोगात तो दाण्याच्या आत, वर की रानात आहे ते बघा, मग वेळ आणि औषध ठरवा.

औषधच बियाण्याला बाधलं, हा प्रकारही होतो. पीक लवकर वाळवायला कापणीआधी ग्लायफोसेट मारायची पद्धत काही देशांत धान्यासाठी आहे. बियाण्याच्या पिकात ती करू नये. ते आतपर्यंत जातं, उगवण घटते, आखूड मुळांची विकृत रोपं येतात. गव्हात २,४-डी अवेळी मारलं, म्हणजे फुटवे पूर्ण येण्याआधी किंवा पोटरीत असताना, तर ओंब्या वाकड्यातिकड्या निघतात. धान्यवाल्याला थोडं नुकसान. तुम्हाला दुहेरी, कारण वाकडी ओंबी औषधाने झाली की ते दुसऱ्या वाणाचं झाड आहे, हे भेसळ काढणाऱ्याला ओळखता येत नाही. संकरित बीजोत्पादनात तर आणखी जपावं लागतं. प्रयोग झालेला असतो जोमदार संकरित वाणावर, आणि तुमच्या प्लॉटमध्ये उभ्या असतात नाजूक नर-मादी ओळी. मक्याच्या काही स्वपरागित ओळी सल्फोनिलयुरिया गटातल्या तणनाशकाने अक्षरशः झोपतात, संकरिताला त्याचा पत्ताही लागत नाही. पालक ओळींवर नवीन औषध आधी चार ओळींच्या पट्ट्यावर, हंगामभर. कंपनीचा माणूस कितीही घाई करो.

प्रयोग कधीचा आहे, हेही बघत जा. गुल्लीदंड्यावर आयसोप्रोट्युरॉन एके काळी रामबाण होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणा आणि पंजाबात त्याला न जुमानणारा गुल्लीदंडा नोंदवला गेला आणि जुने सगळे आकडे त्या रानांपुरते निकाली निघाले. अशा रानातून आलेलं बी तुमच्या पोत्यातून दुसरीकडे गेलं तर तणासोबत त्याचा प्रतिकारही जातो.

मग नेमकं काय वाचायचं? मी अहवाल हातात घेतला की पहिल्यांदा औषधाची ओळ बघत नाही, काहीच न मारलेल्या वाफ्याची ओळ बघतो. तिथे रोगच ४-५ टक्के असेल तर ९० टक्के नियंत्रणाला अर्थ नाही. त्या वर्षी रोग आलाच नव्हता, एवढंच त्यातून कळतं. मग क्रांतिक फरकाचा आकडा, म्हणजे सीडी. दोन औषधांमधला फरक त्याहून कमी असेल तर ती दोन्ही सारखीच समजायची, महागडं घ्यायचं कारण नाही. किती हंगाम, कोणता वाण, पाऊस कसा, हे त्यानंतर. आणि शेवटी उगवण, जोम निर्देशांक, बियांवरील बुरशी यांपैकी एकतरी रकाना आहे का. तणांचं काम जबलपूरच्या संचालनालयाकडे, बियाण्याचं मऊच्या संस्थेकडे, पिकाचं आणखी कुठे, अशी आपल्याकडे वाटणी आहे. त्यामुळे हे सगळे रकाने एकाच तक्त्यात क्वचित भेटतात. दोन अहवाल शेजारी ठेवून वाचायची सवय लावा.

बियाण्यासाठी म्हणूनच केलेलं संशोधन कसं वेगळं दिसतं, त्याचं उत्तम उदाहरण बटाट्याचं आहे. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेत पुष्करनाथ यांनी बियाणे-प्लॉट तंत्र बसवलं. विषाणू पसरवणारा मावा उत्तरेच्या मैदानात ज्या थंडीच्या काळात कमी असतो त्यातच पीक वाढवायचं, आणि मावा वाढायच्या आत पाला कापून टाकायचा. उत्पादन थोडं कमी येतं हे मान्य करून बियाण्याची शुद्धता पदरात पाडून घेतली. अमेरिकेत घेवड्याचं बियाणं आयडाहोसारख्या कोरड्या भागात पिकवतात, तेही याच विचाराने. जिवाणूंचे करपे पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतात, मग पाऊसच नसलेली जागा निवडली. औषधाच्या बाटलीइतकाच पेरणीचा आठवडा आणि रान यांचा निर्णय रोगनियंत्रणात मोडतो, हे आपले बीजोत्पादक सहसा धरत नाहीत.

तुमच्या हातातल्या दोन लॉटचं काय करायचं? गव्हाचा लॉट खाचांचा सिलिंडर असलेल्या केंद्रावर पुन्हा प्रक्रियेला टाका, नियमात बसत असेल तर फेरनमुना द्या. घट किती येते ते आधी एका पोत्यावर बघा. ज्या रानात चांदवेल होती तिथे निदान पुढचे काही हंगाम गव्हाचं बियाणं घेऊ नका, तिथे असं पीक घ्या ज्यात कोळपणी आणि खुरपणी करता येते. सोयाबीनची वर सांगितलेली तिहेरी चाचणी या आठवड्यातच करा. बुरशी निघाली तर लॉट कोरड्या, हवेशीर जागी ठेवून पेरणीच्या महिनाभर आधी पुन्हा तपासा आणि बीजप्रक्रिया करूनच द्या. मळणीचा मार निघाला तर ग्रॅव्हिटी सेपरेटरवरून हलके दाणे काढून थोडं सावरतं का ते पाहा, नाहीतर धान्य म्हणून विकून मोकळे व्हा. चाचण्यांचे आकडे आले की इथेच टाका: कागदातला, औषध लावलेला, वाळूतला आणि ब्लीचमध्ये फुगलेल्या दाण्यांचा. सोबत कापणीच्या वेळचा पाऊस आणि दाण्यातला ओलावाही लिहा, त्याशिवाय पुढचं सांगणं कठीण आहे.